देवाला दिलेल्या गोळ्या

रत्नागिरी,
९ नोव्हेंबर १९८२

ती. परशुरामदादास,
वासंतीचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला आणि उत्तर लिहायला आज बसते आहे, म्हणून आधीच कान पकडते. तू चिपळूणच्या चर्चमध्ये मंडळीचा पाळक झाल्यापासून तुला पत्र लिहायचं म्हणजे मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. पण आज गंमत राहू दे.

यांचा खोकला साधा नव्हता. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, त्यात क्षय निघाला. सुया आणि गोळ्या सुरू झाल्या आहेत. सुया थोडेच दिवस, गोळ्या मात्र दीड वर्ष घ्यायच्या. बरं वाटलं तरी मध्ये थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. यांना बजावून उपयोग नाही हे त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं असावं. अंग इतकं उतरलंय की सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसतो. भाट्याच्या नारळाच्या केंद्रातून रजा मिळाली आहे, पण जीव सगळा तिकडच्या रोपांत. खाटेवर पडल्या पडल्या विचारतात की रोपांना पाणी कोण घालत असेल. मी म्हटलं की तुम्ही नोकरीला लागायच्या आधीही कोकणात नारळ होते.

दादा, घरात आम्ही दोघंच. शाळेतून आले की मी दार लोटून थोडी रडून घेते आणि मग प्रार्थनेला बसते. शब्द सुचत नाहीत. प्रभू, एवढं नको, इतकंच म्हणता येतं. तू येऊन यांच्या कपाळाला तेल लावावंस आणि प्रार्थना करावीस असं यांच्या फार मनात आहे. आमच्या मंडळीला सध्या पाळक नाही. पंच श्रीपतराव सगळं बघतात आणि तेही तेल लावायला तयार आहेत. पण हे म्हणतात की प्रार्थनेचं तेल लावून घेईन ते परशाच्या हातचं, नुसतं खोबरेल काय मी रोज चोपडतोच आहे.

हेमावहिनींना सलाम. लौकर ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
वासंती


चिपळूण,
१४ नोव्हेंबर १९८२

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

येत्या शनिवारी दुपारच्या एसटीने निघतो. तुझ्या वहिनीने तेल काढून ठेवलं आहे आणि सोबत कुळथाचं पीठही बांधते आहे. सख्याला सांग की लहानपणी पावस गावात आपण दोघांनी लोकांच्या बागांतले आंबे पाडले ते सगळे मी कबूल करून टाकले आहेत, त्याच्या वाटणीचे अजून बाकी आहेत. ते फेडल्याशिवाय त्याला वर कोणी घ्यायचं नाही.

तुला एक सांगतो, मंडळीत कधी बोललेलो नाही. इतकी वर्षं मी आजाऱ्यांना तेल लावत आलो. त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे मीच माती दिली. लोक म्हणतात प्रभूची इच्छा, मीही तेच म्हणतो आणि घरी येऊन जेवतो. पण एकदा तरी, वासंती, एकदा तरी मी तेल लावलेला माणूस उठून उभा राहिलेला मला बघायचा आहे. तो सख्या असावा, यापेक्षा दुसरं मागणं नाही. तू धीर धर आणि त्याला सुया टोचून घ्यायला लाव. तो लहानपणापासून सुईला भितो.

प्रभू तुम्हां दोघांवर पाखर घालो.

तुझा,
परशुरामदादा


रत्नागिरी,
५ जानेवारी १९८३

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

कुठून सुरुवात करू? तू तेल लावून गेलास त्याच आठवड्यात यांचा ताप उतरला. तोंडाला चव आली. कुळथाचं पिठलं दोनदा मागून घेतलं. नाताळला चक्क पेटी वाजवायला बसले आणि सबंध गीत मध्ये दम न घेता म्हटलं. श्रीपतराव डोळे पुसत होते. मी पुसले नाहीत, कारण मला समोर बघायचं होतं.

परवाच्या रविवारी आम्ही चर्चमध्ये उपकारस्तुती ठेवली. नेहमीप्रमाणे लोकांनी अर्पणाच्या मेजावर नारळ, तांदूळ, केळी आणून ठेवली. हे साक्ष द्यायला उभे राहिले, छान बोलले. शेवटी कोटाच्या खिशातून गोळ्यांचा डबा काढला आणि नारळांच्या शेजारी ठेवून दिला. म्हणाले की प्रभूने बरं केलं, आता याची गरज उरली नाही, हेही त्यालाच अर्पण. सगळं चर्च हालेलूया म्हणून उठलं. मी बसूनच राहिले. शंभर माणसांत नवऱ्याला काय बोलणार?

घरी आल्यावर मी डॉक्टरांचं बोलणं काढलं. यांचं उत्तर एकच, की मेजावर ठेवलेलं परत उचलता येत नाही. आपल्या लोकांचं तुला माहीतच आहे. मागे आनंदीबाईंनी घाईत दानाबरोबर आपली छत्रीही मेजावर ठेवली, तर पावसाळाभर भिजत आल्या पण परत मागितली नाही. तेव्हा आपण हसलो होतो. आता हसू येत नाही. दवाखान्यातून दुसऱ्या गोळ्या मिळतील, फुकट मिळतील, पण त्या घेणं म्हणजे दिलेलं मागच्या दाराने परत घेणं असं यांचं म्हणणं. मनात शंका आणली तर मीच अविश्वासी ठरते. चेहऱ्यावर तेज आहे हे मात्र खरं. तुला काय वाटतं ते कळव.

तुझी आनंदी आणि थोडी घाबरलेली,
वासंती


चिपळूण,
२० फेब्रुवारी १९८३

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

सख्याची साक्ष मी इथे व्यासपीठावरून सांगितली. वासंती, माझी मंडळी झोपलेली होती, ती जागी झाली आहे. जे नाताळालासुद्धा येत नसत ते दर रविवारी येतात. वाशिष्ठीपलीकडच्या वाडीतून माणसं आजारी पोरं खांद्यावर घेऊन येतात. दोघातिघांनी सख्यासारखीच आपली औषधं मेजावर ठेवली. ती मी खिडकीच्या फळीवर मांडून ठेवली आहेत, येणाऱ्याजाणाऱ्याला साक्ष म्हणून.

तुझ्या शंकेबद्दल म्हणशील, तर मी कोणाला औषध सोड असं सांगितलेलं नाही. पण ज्याला विश्वास पुढे ओढून नेतो त्याच्या वाटेत आडवा मी कसा पडू? सख्या बरा आहे ना? मग बरेपणाला नावं ठेवू नयेत. तुझा स्वभाव आईसारखा, सण पार पडला की आईला आजारपण आठवायचं.

पत्र धाडत जा. तुमच्या बातमीची इथे सगळी मंडळी वाट पाहते.

तुझा,
परशुरामदादा


रत्नागिरी,
१८ जुलै १९८३

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. आजार परत आला आहे. मे महिन्यापासून बारीक ताप होता, तो उन्हाचा म्हणून खपवला. खोकला आला की हे उठून परसात जातात, इतक्या पावसातसुद्धा, मला आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. काल यांचा रुमाल मी धुवायला घेतला. त्यावर रक्त होतं.

मी भांडले, हातापाया पडले, दोन दिवस जेवले नाही. शेवटी यांना न सांगता दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन आले. डॉक्टर माझ्यावरच चिडले आणि ते बरोबर होतं. त्या गोळ्या घरात आहेत. हे हात लावत नाहीत. म्हणतात की साक्ष शंभर माणसांपुढे दिली, अर्पण प्रभूच्या मेजावर ठेवलं, आता लपून गोळी गिळली तर मी देवाशीही खोटा आणि माणसांशीही. चर्चमध्ये जाणं बंद केलं आहे, खोकला येईल या भीतीने. श्रीपतराव भेटायला आले तेव्हा हे झोपलेत असं मला खोटं सांगावं लागलं. म्हणजे खोटं व्हायचं ते माझ्या तोंडून झालं.

दादा, यांना तुझा शब्द लागतो. ज्याच्या हाताने तेल लागलं त्याने सांगितलं तरच ऐकतील. तू एक ओळ लिही की गोळी घेतल्याने देवाचा अपमान होत नाही. एकच ओळ. येता आलं तर ये. मी तुझ्याकडे आजवर फारसं काही मागितलेलं नाही.

तुझी,
वासंती


चिपळूण,
२ ऑगस्ट १९८३

चि. सौ. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन रात्री डोळा लागला नाही. सख्यासाठी रोज उपास करून प्रार्थना करतो आहे. पण तू मागतेस ते लिहायला बसलो की लेखणी अडते. थोडं थांबून बघू. कधीकधी परत आलेला आजार म्हणजे विश्वासाची पारख असते. आजच मी असं लिहिलं, आणि उद्या ते इथे कोणाच्या कानावर गेलं, तर एवढी जागी झालेली मंडळी पुन्हा झोपेल. कितीतरी घरांत फक्त या एका साक्षीवर दिवा जळतो आहे.

आमच्या गोदूबाईंचंच बघ. मासळी विकून संसार करते. तिची एकुलती मुलगी जनी, सतरा वर्षांची, तिलाही सख्याचंच दुखणं. सख्याची साक्ष ऐकल्यापासून पोरीच्या डोळ्यांत जीव आला. गेल्या रविवारी तिने आपल्या हाताने गोळ्यांचा डबा आणून मेजावर ठेवला. गोदूबाई ओक्साबोक्शी रडली, पण आनंदाने. आता त्या मायलेकींना मी काय तोंडाने काही सांगू? पुढच्या महिन्यात येऊन जाईन. तोवर तू खचू नकोस.

तुझा,
परशुरामदादा


रत्नागिरी,
२० सप्टेंबर १९८३

प्रिय परशा,
सलाम.

वासंतीने तुझं पत्र बरेच दिवस लपवून ठेवलं होतं. तू येणार येणार म्हणून तिने वाट पाहिली. तू आला नाहीस, तेव्हा परवा ते माझ्यापुढे टाकलं आणि एक शब्द न बोलता शाळेला गेली. तुझ्या बहिणीचं बोलणं मी सोसतो, न बोलणं सोसवत नाही हे तिला ठाऊक आहे.

माझं मी निस्तरलं असतं. खरं सांगतो, मरायला मी तयार होत आलो होतो. वाटायचं, आपण गुपचूप जाऊ, लोक म्हणतील हृदय थांबलं, साक्ष शाबूत राहील आणि तुझी मंडळीही. त्यात माझी ऐटही होती. नारळाच्या रोपांत उभं आयुष्य गेलं, कोणी ढुंकून बघितलं नाही. आणि एका सकाळी सगळं चर्च माझ्यासाठी उभं राहिलं. ते सुटेना.

पण जनीचं वाचल्यावर मला धड श्वास घेता येईना आणि या खेपेला ते छातीमुळे नव्हतं. सतरा वर्षांची पोर माझ्या भरवशावर गोळ्या टाकून बसली आहे. देवाच्या नव्हे, माझ्या. येत्या रविवारी मी चिपळूणला येतो. गणपतीला आलेले मुंबईकर आता परत गेलेत, एसटीत बसायला जागा मिळेल. साक्षीच्या वेळी मी उभा राहणार आहे. तू मला बसवू नकोस. बसवलंस तर बसल्या जागेवरून बोलेन, आवाज अजून शिल्लक आहे.

वहिनींना सांग की माझी कपबशी वेगळी ठेवा.

तुझा जुना सोबती,
सखाराम


चिपळूण,
२६ सप्टेंबर १९८३

चि. सौ. वासंतीस,
आशीर्वाद.

सखाराम सुखरूप पोचला आणि आमच्याकडेच आहे. दोन दिवस विश्रांती घेऊ दे, मग मी स्वतः घेऊन येतो. काल काय झालं ते त्याच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

तो आत आला तेव्हा लोक मागे वळून बघू लागले. ज्याच्याबद्दल इतके महिने ऐकलं तो हा. त्याची दशा बघून कुजबुज सुरू झाली. साक्षीच्या वेळी मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो बाकाला धरून उठला. म्हणाला की मागच्या नोव्हेंबरात माझा ताप गेला होता हे खरं, मी उपकार मानले तेही खरं. पण त्या प्रार्थनेचं उत्तर डब्यात भरून आलं होतं आणि मी ते देणाऱ्यालाच परत केलं. त्याला मी विश्वास म्हणत होतो. आजार गेलेला नाही, रोज रक्त पडतं आहे, आणि हे सांगायला मी इतके दिवस घाबरलो.

मग तो खिडकीकडे चालत गेला. ते अंतर काहीच नाही, पण त्याला दोनदा थांबावं लागलं. फळीवरच्या डब्यांतला जनीचा कुठला असं त्याने विचारलं. अर्पण केलेल्या वस्तूला आमच्यात हात लावत नाहीत. शेवटी जनीनेच बोट दाखवलं. त्याने डबा उचलला, तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या मांडीवर ठेवला. म्हणाला की बाय, मेजावरनं उचलल्याचं पाप असलं तर ते माझ्या नावावर, तू गोळी घे. बाकीच्यांनीही आपापलं घेऊन जा म्हणाला. एवढं बोलून त्याला उबळ आली आणि जे त्याने सांगितलं होतं ते सगळ्यांनी बघितलं.

मी मेजाशेजारच्या खुर्चीत बसून होतो. उठून त्याला धरायला हवं होतं. त्याला धरलं गोदूबाईने. ती माझ्याकडे बघून म्हणाली की पाळकसाहेब, तुमाला म्हायती व्हतं काय. तुझं जुलैचं पत्र त्या वेळी माझ्या पवित्र शास्त्राच्या पुस्तकात घडी करून ठेवलेलं होतं.

अर्धे लोक आशीर्वाद न घेता निघून गेले. संध्याकाळी सखारामने आमच्या घरी सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि परशा, तुझ्या प्रवचनापेक्षा बरी लागते असं मला म्हणाला. इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात की मध्ये खंड पडल्याने या गोळ्या आता लागू पडतील याचा भरवसा नाही, आणि छातीची एक बाजू जवळजवळ संपली आहे. हे मी त्याला सांगितलं. त्याने जनी कशी आहे असं विचारलं.



परशुराम


रत्नागिरी,
१२ फेब्रुवारी १९८४

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचवलं नाही म्हणून ठेवून दिलं, दुसरं आल्यावर दोन्ही एकदम वाचली.

तू यांच्या मातीला आलास ते सगळ्यांनी पाहिलं. कबरीशी तुला प्रार्थना करता आली नाही, तेही पाहिलं. श्रीपतरावांनी वेळ निभावली. कबरीसाठी जांभा कातळ फोडता फोडता आमच्या मंडळीतले शिवा आणि रघू घामाघूम झाले होते आणि आपण सगळे नुसते उभे होतो. तुला त्या कातळाकडे बघताना पाहून माझ्या मनात आलं की बरं झालं, बघ. हे असं मनात आलं हे मी तुझ्यापासून लपवत नाही. मग तू जेवायलाही न थांबता एसटी पकडलीस.

यांच्या शेवटच्या दिवसांचं तू विचारतोस. गोळ्या अखेरपर्यंत घेतल्या, एकही चुकवली नाही. गुण आला नाही. आमची मंडळी मात्र रोज आळीपाळीने येऊन बसायची. साक्ष खोटी पडली म्हणून कोणी तोंड फिरवेल असं मला वाटलं होतं, तसं दोघातिघांनीच केलं. बोलवेनासं झालं तेव्हा मी यांना विचारलं की भीती वाटते का. मान हलवून वाटते म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा मला जवळ बोलावून म्हणाले की भीती वाटते, पण एकटं वाटत नाही. चिपळूणच्या त्या रविवारनंतर हे खोटं एक अक्षर बोलले नव्हते. म्हणून ते मी खरं धरते. त्यावरच सध्या उभी आहे.

तू लिहितोस की आजाऱ्यांच्या घरी जाणं तू सोडलंस, गोदूबाई जनीसाठी प्रार्थना कर म्हणून दाराशी आली तर आतून वहिनींना पाठवून नाही म्हणवलंस. हे काय चालवलं आहेस? जनीचा ताप उतरला आहे, तिचं वजन वाढतं आहे, हे मला गोदूबाईने इथे येऊन सांगितलं. भर उन्हात सुकी मासळी घेऊन आली होती माझ्यासाठी. जिला तुझ्यामुळे पोर गमवायची वेळ आली होती ती बाई तुझ्याच दाराशी प्रार्थना मागायला येते, आणि तू लपून बसतोस? तिच्या घरी जा. बरं कर असं माग, आणि बरं नाही झालं तर सोबत राहा असंही माग. तेल लावलंस तरी चालेल. पण आधी पोरीने गोळी घेतली का ते विचार.

आणि तू जे विचारायला दोन पत्रं लिहिलीस आणि दोन्हींत विचारलं नाहीस, त्याचं उत्तर देते. मी तुला क्षमा केलेली नाही. एक ओळ मागितली होती, दादा. तू माझा भाऊ होतास आणि मला एक ओळ दिली नाहीस. रोज सकाळी चहाचं आधण ठेवताना मी मागते की हा राग माझ्या मनातून काढ. अजून निघालेला नाही. कधी दुपारपर्यंत कमी वाटतो, मग शाळेतून घरी येते, रिकामी खाट बघते आणि तो होता तिथेच असतो. मागणं मी सोडलेलं नाही, कारण मी हे आपल्या बळावर करू शकत नाही हे मला पुरतं कळलं आहे.

तेव्हा तू ये. राग गेल्यावर बोलावीन म्हटलं तर आपल्या दोघांचंही वय वाट बघणार नाही. येत्या शनिवारी ये, वहिनींनाही आण. मी कदाचित तुझ्याशी बोलणार नाही, पण ताट वाढीन आणि तू जेवूनच जायचं. जेवणाआधी प्रार्थना तू कर, मोठ्याने कर. मी आमेन म्हणेन की नाही, ते आज मला सांगता येत नाही.

लोभ आहे, तो माझ्याने कमी करवत नाही. बाकीचं मागते आहे.

तुझी बहीण,
वासंती